कुत्रं पाळायचंय? आधी पंधरा दिवस थांबा!

मुलांनो, दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्या पहिल्या दिवसाची ही गोष्ट. मी हजेरी घेत होते आणि शेवटच्या रांगेतून मधूनच 'कुं... कुं...' असा बारीक आवाज येत होता. सगळा वर्ग माना खाली घालून हसू दाबत होता. मी चष्म्यावरून पाहिलं. एका दप्तराची चेन अर्धी उघडी होती आणि त्यातून एक काळं, ओलं नाक बाहेर आलं होतं!

"कुठनं आणलंस रे हे?"

"खव्याच्या भट्टीमागनं, बाई. कुत्रीला पाच झाल्यात. ह्ये एकलंच माझ्या मागं मागं आलं."

"मागं आलं, का तू उचललंस?"

तो जरा वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "उचललं."

आमचं भूम हे धाराशिव जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं तालुक्याचं गाव. पाऊस कमी, माळरान जास्त. पण हा भाग खव्यासाठी प्रसिद्ध आहे. गावोगावी दूध आटवण्याच्या भट्ट्या आहेत. भट्टी म्हटली की आसपास कुत्री आलीच. तेव्हा पिल्लू कुठून आलं हे कोडं नव्हतं. पुढचं मात्र कोडं होतं.

"घरी कोण सांभाळणार याला?" मी विचारलं.

"मीच की! आई-दादा परवा कारखान्याला चाललेत. घरी मी आन् आजीच. कुत्रं असलं की मला करमतंय, बाई."

शहरात राहणाऱ्या वाचकांसाठी सांगते. आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. कारखान्याजवळ कोप्या करून पाच-सहा महिने राहायचं आणि पाडव्याच्या आगेमागे गावी परतायचं. काही मुलं आई-वडिलांबरोबर जातात आणि त्यांची शाळा बुडते. काही आजी-आजोबांजवळ मागे राहतात. हा मुलगा यंदा पहिल्यांदाच मागे राहणार होता.

खरं सांगते, माझ्या अगदी तोंडात आलं होतं, 'ठेव बाळा, ठेव.' कुत्र्याच्या ओढीनं मुलगा गावात राहील, शाळेत येईल, असा माझा हिशेब! पण मग त्या पिल्लाकडे पाहिलं. त्याचे पाय अजून धड टेकत नव्हते. मी म्हटलं, "आज याला आईजवळ नेऊन सोड. आईपासून तोडण्याएवढं ते मोठं नाही. पिल्लाला निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्यावं. ठेवायचं की नाही, ते आपण नंतर ठरवू. तुझं तूच ठरवायचं, पण नीट विचार करून."

मुलांनो, तुमच्यापैकीही कितीतरी जण घरी कुत्र्यासाठी हट्ट धरून बसले असतील. आई 'नको' म्हणते, बाबा 'बघू' म्हणतात, आणि तुम्हाला वाटतं, यांना माझं मनच कळत नाही! तर आज आपण आई-बाबांना बाजूला ठेवू आणि स्वतःलाच काही प्रश्न विचारू.

पिल्लू किती दिवस पिल्लू असतं?

फार तर सात-आठ महिने. तोवर ते कापसाच्या गोळ्यासारखं असतं आणि सगळी गल्ली त्याला उचलून घेते. नंतर ते लांब पायांचं, चपला चावणारं, रात्री भुंकणारं कुत्रं होतं. त्याला उचलून घ्यायला कुणी येत नाही. पण ते असतं, आणि नीट सांभाळलं तर दहा-बारा वर्षं असतं.

आता वहीच्या मागच्या पानावर एक गणित करा. तुमचं आजचं वय लिहा आणि त्यात १२ मिळवा. तुम्ही पाचवीत असाल तर उत्तर २२-२३ येईल. मधल्या काळात तुमची दहावी होईल. बारावी लातूरला, कॉलेज पुण्याला किंवा संभाजीनगरला. म्हणजे तुम्ही होस्टेलवर असाल आणि तुमचं कुत्रं दारात बसून वाट बघत असेल. तेव्हा त्याला कोण बघणार? ज्या माणसाचं नाव तुमच्या मनात आलं, त्याला आजच विचारा. त्याचा होकार असेल तरच पुढे वाचा. (नसेल तरीही वाचा!)

भाकरीचं गणित

मध्यम आकाराच्या गावठी कुत्र्याला दिवसाला चार भाकरी धरू. वर्षाच्या झाल्या १,४६० आणि बारा वर्षांच्या १७,५२०. साडेसतरा हजार भाकरी! हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गात 'आँऽऽ' झालं. मग मी विचारलं, "या थापणार कोण?" एकजात सगळ्यांनी उत्तर दिलं, "आई!" आणि आपल्याच उत्तरावर सगळे ओशाळले.

बरं, नुसत्या भाकरीवर कुत्र्याचं भागत नाही. वरण, अंडं, जमेल तसं मांस-मासळी असं काहीतरी हवं. आणि काही गोष्टी अजिबात नकोत. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं आणि बेदाणे हे कुत्र्याला विषासारखे असतात. शिजवलेल्या कोंबडीचं हाड तडकून घशात किंवा आतड्यात रुतू शकतं. आपण प्रेमानं दिलेला बेदाण्याचा लाडू त्याच्या जिवावर बेतू शकतो.

पाण्याचंही तसंच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडासा पंजांतून येतो. म्हणून ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं आणि अंग थंड करतं. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला लिटरभर तरी पाणी लागतं, उन्हाळ्यात आणखी जास्त. जिथे चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, तिथल्या मुलांना लिटरभर पाण्याची किंमत मी काय सांगू!

माझी चूक

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. तुमच्याएवढी होते, सहावीत. मामाच्या शेतातून एक पिल्लू आणलं. त्याचं नाव वाघ्या ठेवलं. जत्रेतून आणलेलं घुंगरू लाल दोरीत ओवून त्याच्या गळ्यात बांधलं. पंधरा दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग पावसाळा लागला. एका सकाळी वाघ्यानं दूध पिलं नाही. दुपारी उलट्या झाल्या, संध्याकाळी रक्ताची हगवण. आजीनं हळद घातलेलं दूध पाजलं, ते पोटात ठरेना. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं काहीतरी खाल्लं असेल. तिसऱ्या दिवशी पहाटे घुंगरू वाजलं नाही, म्हणून मी उठून पाहिलं.

त्या आजाराचं नाव 'पार्व्हो' असावं, हे मला पुष्कळ वर्षांनी जनावरांच्या डॉक्टरांकडून कळलं. तो पिल्लांचा काळ असतो आणि त्यावर लस असते. मी वाघ्याला नाव दिलं होतं, घुंगरू दिलं होतं. लस तेवढी दिली नव्हती.

म्हणून हे नीट लिहून घ्या. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांची पहिली लस द्यायची. मग डॉक्टर सांगतील तसे पुढचे डोस. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, आणि ती पुढेही डॉक्टरांच्या सल्ल्यानं वेळच्या वेळी. शिवाय जंताचं औषध, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात गोचिडांवर लक्ष. जनावरांचा दवाखाना तुमच्या घरापासून किती लांब आहे? तिथे कुत्र्याला कसं न्याल? एस.टी.त की मोटारसायकलवर? पैसे कोण देईल? पिल्लू आणायच्या आधी या प्रश्नांची उत्तरं हवीत.

पिसाळणं म्हणजे काय?

रेबीज हा साधासुधा आजार नाही. एकदा त्याची लक्षणं दिसू लागली की त्यावर हमखास उपाय आजही नाही. माणूस काय, कुत्रं काय, बहुधा कुणीच वाचत नाही. पण चावल्याबरोबर उपचार घेतले तर तो टाळता येतो. ही वाट दाखवली फ्रान्सच्या लुई पाश्चरनं. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मेस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्यानं आपली लस टोचायला सुरुवात केली. पिसाळलेल्या कुत्र्यानं त्या पोराचे लचके तोडले होते. पोरगा वाचला! पाश्चर वारला तो दिवस २८ सप्टेंबर. तोच आज 'जागतिक रेबीज दिन' म्हणून पाळतात.

कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं, किंवा त्यानं जखम चाटली, तरी घरी लपवायचं नाही. जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. चुना, तिखट, हळद काही भरायचं नाही. आणि तडक दवाखाना गाठायचा. पूर्वी पोटात बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, त्या भीतीनं मुलं चावलेलं लपवत. आता ती पद्धत गेली. आता दंडावर मोजकीच इंजेक्शनं देतात, सरकारी दवाखान्यात ती मिळतात. मात्र डॉक्टरांनी सांगितलेला एकही डोस चुकवायचा नाही.

आणि हो, आपल्या कुत्र्याला लस दिली की आपण आपल्यापुरतंच बघतो असं नाही. शेजारची लहान मुलंही त्यामुळे सुरक्षित राहतात.

कोणतं कुत्रं? ठेवायचं कुठं?

टी.व्ही.वर झुबकेदार केसांची कुत्री पाहून मुलं म्हणतात, "बाई, तसलं पायजे!" अहो, बर्फाच्या देशातलं ते जनावर. भूमच्या मे महिन्यात त्याचे काय हाल होतील? आपल्याकडे काय कमी आहे? दख्खनच्या माळावरची कारवानी कुत्री पाहा. लांब पाय, बारीक कंबर, बाणासारखी धाव. त्यातल्या लांब केसांच्यांना पश्मी म्हणतात. सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळची कुत्री तशीच नावाजलेली. पण त्यांना रोज मोकळं धावायला लागतं. दोन खोल्यांच्या घरात साखळीला बांधलं तर ती झुरतात.

गावठी कुत्रं मात्र इथल्या उन्हाला, इथल्या अन्नाला सरावलेलं असतं. त्यातही एक गोष्ट सांगते. लोक नर पिल्लं उचलून नेतात आणि माद्या मागे राहतात, कारण 'पिल्लं कोण निस्तरणार?' मादी खरोखरच वर्षातून दोनदाही विऊ शकते. पण डॉक्टरांकडून ऑपरेशन करून घेतलं की ती काळजी मिटते. माद्याही तितक्याच इमानी असतात.

रात्री कुत्रं कुठे झोपणार, हेही ठरवा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही. डोंगराच्या कडेच्या वस्त्यांवर राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बिबट्याऐवजी शेजारच्या आजोबांच्या झोपेचा विचार करावा!

आणि नंतर नकोसं झालं तर? 'लांब माळावर सोडून येऊ' हे उत्तर चालणार नाही. पाळलेल्या जनावराला उपाशी-तहानलेलं टाकून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. कायदा सोडा, ते माळावर तुमचीच वाट बघत बसतं.

झंजीर आणि नामदेव

मुंबई पोलिसांच्या झंजीर नावाच्या कुत्र्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्यानं तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुंगून शोधलं. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. त्याचं कौतुक सगळे करतात. पण अशा प्रत्येक कुत्र्यामागे एक माणूस असतो. त्याला फिरवणारा, शिकवणारा, त्याचं खाणंपिणं बघणारा, आणि हे काम रोज करणारा.

आपल्या संत नामदेवांची गोष्ट तर तुम्हाला पाठच असेल. कुत्र्यानं पोळी पळवली, तर नामदेव काठी घेऊन धावले नाहीत. तुपाची वाटी घेऊन धावले, 'कोरडी खाऊ नकोस' म्हणत. ते कुत्रं त्यांनी पाळलेलंही नव्हतं. ही गोष्ट जरा मनात ठेवा, शेवटी आपल्या कामाला येणार आहे.

बिनकुत्र्याचे पंधरा दिवस

आता आमच्या वर्गातली गंमत. मी म्हटलं, "ज्याला ज्याला कुत्रं पाहिजे, त्यानं पंधरा दिवस कुत्रं आहे असं समजून वागायचं." नियम असे:

१. सकाळी साडेपाचला उठून अर्धा तास चालून यायचं. संध्याकाळी पुन्हा. थंडी असो, पाऊस असो.

२. दाराशी पाण्याचं एक भांडं ठेवायचं. रोज दोनदा घासून भरायचं. (चिमण्या आणि गल्लीतली कुत्री पितील.)

३. कुत्र्याची घाण उचलायची त्याऐवजी रोज अंगण झाडायचं. शहरात असाल तर जिना.

४. पंधरा दिवसांतला एक बाजार, लग्न किंवा गावजेवण चुकवायचं, कारण 'कुत्र्याजवळ घरी कुणीतरी पाहिजे'.

५. प्रत्येक दिवशी कॅलेंडरवर खूण करायची. घरच्यांनी आठवण करून दिली, तर त्या दिवशी फुली!

अकरा जणांनी नावं दिली. चौथ्या दिवशी सात उरले. आठवडी बाजाराच्या दिवशी आणखी दोन गळाले, भज्यांचा वास फार वाईट! पंधराव्या दिवशी तिघंच राहिले. जे गळाले त्यांना मी मुळीच रागावले नाही. त्यांनी पंधरा दिवसांत जे ओळखलं, ते काही जणांना पिल्लू घरी आणून वर्षभरानं कळतं.

मग त्याचं काय झालं?

तुम्ही विचारणारच! दप्तरातून पिल्लू आणणारा तो, त्या तिघांत होता. पंधरापैकी चौदा खुणा. त्यानं कॅलेंडरचं पान माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "बाई, मी कुत्रं न्हेत नाही."

मी चाटच पडले. "अरे, तू तर पास झालास!"

"झालो. पन आईनं मधीच बोलवलं तर मला जावं लागतंय. धाकटी हाय तिकडं. आजीचं गुडघं दुखत्यात, तिला उठाय-बसाय येत नाही. मग त्याला कोण बघंल?" जरा थांबून म्हणाला, "पन त्याला सुई टोचाय नेलं तर चालंल का?"

मी नाही म्हणू शकले असते का? भट्टीवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "न्या की, आमच्या डोक्याचा ताप जाईल." एका शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर पिल्लू, तो, मी आणि एक पाटी असे आम्ही दवाखान्यात गेलो. त्यानंतर तो रोज शाळेत येताना आपल्या डब्यातली अर्धी भाकरी भट्टीवर देऊन यायचा.

माघ महिन्यात निरोप आला. आई आजारी होती, धाकटीला सांभाळायला कोणी नव्हतं. तो गेला. मला फार वाईट वाटलं. कुत्र्याच्या ओढीनं पोरगं शाळेत टिकेल, असं मी मनाशी मांडलं होतं ना! पण घरावर वेळ आली की मूल जाणारच. तिथे कुत्र्यानं काय करायचं? त्यानं माझं ऐकून पिल्लू घरी नेलं असतं, तर दुखऱ्या गुडघ्यांची आजी आणि एक भुकेलं कुत्रं, एवढंच मागे उरलं असतं. भट्टीवर निदान त्याची आई होती, काका होते, दुधाच्या कढईची खरवड होती.

पाडव्याच्या आधी तो परत आला. काळवंडला होता, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. दुसऱ्या दिवशी तो भट्टीवरून शाळेकडे आला, तेव्हा त्याच्या मागे एक लांब पायांचं काळं कुत्रं चाललं होतं. फाटकापाशी ते थांबलं. तो मला म्हणाला, "बाई, ह्या बारीला मी उचललं नाही. मागंच आलंय."

तर मुलांनो, पंधरा दिवसांनी तुमचं उत्तर 'हो' आलं, तर खुशाल पिल्लू आणा. पहिल्या आठवड्यात दवाखाना आणि पुढची बारा वर्षं रोजची भाकरी विसरू नका. उत्तर 'आत्ता नाही' आलं, तर त्यातही कमीपणा नाही. दाराशी पाण्याचं भांडं ठेवा, अर्धी भाकरी बाजूला काढा, गल्लीतल्या एखाद्या पिल्लाला मोठ्यांच्या सोबतीनं लस टोचून आणा. नामदेवांनी तरी कुठे ते कुत्रं घरी नेऊन बांधलं होतं?

चला, कॅलेंडर काढा. उद्या सकाळी साडेपाच. आणि हो, आईला उठवायला सांगायचं नाही!